संशय तिसरा, निर्णय नववा : संशोधनातल्या गैरप्रकाराची चौकशी कॉलेज कशी करते?

(दहिसर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहिसर पूर्वेला मेट्रोतून उतरून इकडे चालत येताना संयोजकांपैकी एकाने आम्हाला विचारले, "सर, आजचा विषय जरा रुक्ष नाही का? नियम, समित्या, चौकशी..." रुक्ष आहे, आम्ही कबूल केले. पण ज्याच्यावर आरोप झालाय त्याला विचारून बघा. आणि ज्याने तक्रार केलीय त्यालाही विचारा. दोघांचीही झोप उडालेली असते.

आम्ही तत्त्वज्ञानाचे, तेव्हा सुरुवात आमच्या दुकानातल्या मालापासून करतो. न्यायदर्शनात गौतमाने सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण, प्रमेय, संशय अशी ती यादी सुरू होते. त्यात संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मध्ये पाच गोष्टी आहेत: प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क. म्हणजे चौकशी कशासाठी करतोय, दोघांनाही मान्य असलेले उदाहरण कोणते, आपण गृहीत काय धरतोय, युक्तिवादाचे टप्पे कोणते, आणि हे खरे नसेल तर काय काय मानावे लागेल. इतके झाल्यावर, आणि दोन्ही बाजू तोलल्यावर निर्णय. चाळीस वर्षे हे फळ्यावर लिहीत आलो. निवृत्तीनंतर अशा काही समित्यांवर बाहेरचा सदस्य म्हणून बसलो, तेव्हा दिसले की आपल्याकडे तिसऱ्यावरून थेट नवव्यावर उडी मारली जाते. सॉफ्टवेअरने आकडा दिला की निकाल तयार.

आता गैरप्रकार म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवू. जगभर तीन गोष्टी धरतात. न केलेला प्रयोग केला म्हणून सांगणे, न घेतलेली मुलाखत घेतली म्हणून लिहिणे, ही बनावट. केलेल्या प्रयोगाचे आकडे किंवा चित्रे सोयीप्रमाणे वळवणे, हा फेरफार. आणि तिसरे वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचे लिखाण किंवा कल्पना आपली म्हणून खपवणे. प्रामाणिक चूक यात येत नाही. मतभेदही येत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कॉलेजात पुष्कळदा "त्यांचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही" हीच तक्रार गैरप्रकाराचा वेष घालून येते.

या तिघांपैकी आपल्या कॉलेजांना पक्का कायदा मिळाला तो फक्त तिसऱ्यासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2018 साली वाङ्मयचौर्य रोखण्याचे विनियम आणले. त्यातली यंत्रणा साधी आहे. तक्रार पुराव्यासह विभागाच्या समितीकडे जाते. या समितीत तीन जण: विभागप्रमुख अध्यक्ष, विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि सॉफ्टवेअर जाणणारा एक. त्यांनी 45 दिवसांत आपला अहवाल संस्थेच्या समितीकडे द्यायचा. तिथे चार जण असतात आणि त्यातला एक संस्थेबाहेरचा असावा लागतो. त्यांनी आणखी 45 दिवसांत संस्थाप्रमुखाला शिफारस करायची. ज्याच्यावर आरोप आहे त्याला अहवालाची प्रत द्यायची, बाजू मांडायची पुरेशी संधी द्यायची, आणि दोष निःसंशय सिद्ध झाल्यावरच शिक्षा करायची. हे सगळे त्यात लिहिलेले आहे, आणि चांगले लिहिलेले आहे.

पण लोकांच्या लक्षात राहिला तो तक्ता. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्या. 40 ते 60 असेल तर वर्षभर देता येणार नाही. 60 च्या वर गेलात तर नोंदणी रद्द. प्रकाशित लेखासाठी शिक्षकांना वेगळ्या शिक्षा आहेत: लेख मागे घ्या, वरच्या पातळ्यांवर एक किंवा दोन वेतनवाढी बंद, आणि दोन किंवा तीन वर्षे मार्गदर्शक म्हणून विद्यार्थी घेता येणार नाहीत. सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य धरायचे नाही, संदर्भसूची धरायची नाही, योग्य श्रेय देऊन केलेले अवतरण धरायचे नाही, असेही त्यात आहे. पण सॉफ्टवेअरमधली ही गाळणी लावायची राहून जाते, आणि बिचाऱ्या विद्यार्थ्याची संदर्भसूचीच चोरी म्हणून मोजली जाते. असे अहवाल आम्ही पाहिलेत.

दहा-अकरा हा फरक बघा. अकरा टक्के साम्य असलेल्या प्रबंधात सगळे साम्य कायद्याच्या कलमांचे असू शकते. आणि चार टक्के साम्य असलेल्या प्रबंधाचा मुख्य मुद्दाच दुसऱ्याचा असू शकतो, शब्द बदलून घेतलेला. आता तर शब्द बदलून देणारी यंत्रे सगळ्यांच्या खिशात आहेत. टक्का म्हणजे धूर. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते हे आमचे जुने उदाहरण, पण धूर दिसला म्हणून घर कोणी पेटवले हे कळत नाही.

बरे, जिथे शब्दच नाहीत तिथे काय? आपल्याकडचेच प्रकरण सांगतो. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस म्हणतात ते. डॉ. गोपाळ कुंडू हे तेव्हा तिथले नावाजलेले संशोधक, 2004 सालच्या भटनागर पुरस्काराचे मानकरी. त्यांच्या प्रयोगशाळेचा एक शोधनिबंध 2005 साली 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री' या अमेरिकन नियतकालिकात आला. 2006 साली निनावी ईमेल फिरू लागला. त्यातला आरोप असा, की या निबंधातली काही चित्रे त्याच प्रयोगशाळेच्या 2004 च्या निबंधातून घेऊन वेगळ्या प्रयोगाची म्हणून छापली आहेत. प्रथिनांच्या चाचणीत काळे-करडे पट्टे उमटतात, त्या पट्ट्यांची ही चित्रे. कुंडूंनी आरोप नाकारला.

आता पुढचा क्रम नीट लक्षात घ्या. संस्थेने आधी अंतर्गत पातळीवर चौकशी केली. मग बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक प्रा. जी. पद्मनाभन तिचे अध्यक्ष. ही समिती म्हणाली, फेरफार झालेला नाही. म्हणजे प्रकरण मिटायला हवे. पण फेब्रुवारी 2007 मध्ये त्या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' नावाची वैज्ञानिकांची एक स्वयंसेवी संस्था आहे. तिने स्वतः तपासणी केली आणि पद्मनाभन समितीशी असहमती दाखवली. आणि 2010 साली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने कुंडूंना तीन वर्षे अकादमीच्या उपक्रमांपासून दूर ठेवले.

चित्रे तीच, बघणारे सगळे जाणकार, आणि निकाल परस्परविरोधी. कोण बरोबर हे ठरवायला आम्ही इथे आलेलो नाही. पट्टे वाचण्याची आमची पात्रता नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. एका चौकशीत निर्दोष आणि दुसरीकडे निबंध मागे, असे झाले की सामान्य विद्यार्थ्याने काय समजायचे? तो समजतो की ज्याची जितकी ओळख तितका त्याचा निकाल. हे समजणे अन्यायाचे असू शकते, आणि आरोपितावरही अन्यायाचे असू शकते, कारण निर्दोष ठरूनही त्याच्या मागचा संशय सुटत नाही. त्यावर उपाय एकच. समितीने नुसते "दोषी" किंवा "निर्दोष" न म्हणता कारणे लिहायची. कोणती मूळ चित्रे मागवली, कोणती मिळाली, कोणत्या वहीत कोणत्या तारखेला नोंद आहे, हे दोन पट्टे सारखे दिसतात पण वेगळे आहेत असे का वाटते. कारणे लिहिलेली असली की दुसरा माणूस ती तपासू शकतो. कारणांशिवायचा निकाल हा अधिकाऱ्याचा हुकूम असतो. गौतमाच्या यादीत हुकूम नावाचा पदार्थ नाही.

आणखी एक गंमत. हेच प्रकरण आज एखाद्या कॉलेजात घडले तर 2018 च्या तक्त्यात कुठे बसेल? बसणार नाही. पट्ट्यांना टक्केवारी नसते. फेरफार आणि बनावट यांच्यासाठी कॉलेजला आपली वाट आपणच काढावी लागते, आणि बहुतेक कॉलेजे काढत नाहीत. प्राचार्य म्हणतात, "सॉफ्टवेअर रिपोर्ट क्लीन आहे ना? मग झालं."

निनावी तक्रारीबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या कार्यालयांचा रिवाज असा, की सही नसलेला अर्ज केराच्या टोपलीत. त्यामागे कारण आहे. निनावी अर्जांनी माणसे उद्ध्वस्त होतात, स्टाफरूममधली भांडणे अशीच लढली जातात. पण आमचे शास्त्र इथे एक उपयोगी भेद करते. शब्द हे प्रमाण मानायचे तर बोलणारा आप्त पाहिजे, विश्वासू पाहिजे. "अमुक सरांनी आकडे बनवले, मी पाहिले" असे कोणी लिहिले, तर तो कोण हे कळल्याशिवाय त्या वाक्याला किंमत नाही. पण कोणी दोन पाने शेजारी शेजारी ठेवून पाठवली, तर त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्नच येत नाही. पाने आपल्यासमोर आहेत, डोळ्यांनी बघा. पहिली तक्रार साक्षीची आहे, दुसरी प्रत्यक्षाची. साक्ष निनावी चालत नाही, प्रत्यक्ष चालते. पुण्याच्या प्रकरणातला ईमेल दुसऱ्या जातीचा होता, म्हणून तो टोपलीत टाकून भागले नाही.

नाव देऊन तक्रार करणाऱ्याचे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले. 1986 साली 'सेल' मधल्या एका निबंधावरून तेरेझा इमानिशी-कारी या संशोधिकेवर प्रश्न उभा केला तो तिच्याच प्रयोगशाळेतल्या मार्गो ओ'टूल या तरुण संशोधिकेने. सहलेखक होते नोबेल विजेते डेव्हिड बाल्टिमोर. प्रकरण अमेरिकन संसदेपर्यंत गेले, वह्यांची शाई तपासायला सरकारी गुप्त सेवेची माणसे आली. 1994 मध्ये दोषी, आणि 1996 मध्ये अपील मंडळापुढे सगळ्या आरोपांतून मुक्त. दहा वर्षे! त्या अवधीत तक्रार करणारीची कारकीर्द मोडली, आरोप झालेलीची थांबली, आणि बाल्टिमोरना रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्षपद सोडावे लागले. आपले 45 अधिक 45 दिवस त्या मानाने फार शहाणपणाचे आहेत. पाळले तर.

हे सगळे आपल्या उपनगरातल्या कॉलेजांत आले कुठून, हाही प्रश्न आहे. आमच्या तरुणपणी कॉलेजच्या प्राध्यापकाने शिकवावे, परीक्षेचे पेपर तपासावेत, जमले तर लिहावे. 2010 च्या सुमारास यूजीसीने एपीआय नावाची गुणमोजणी आणली आणि बढतीसाठी लेख मोजायला सुरुवात झाली. वीस-वीस तासिका घेणारा माणूस लेख कधी लिहिणार? बाजार तयारच होता, पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या. पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 साली 'करंट सायन्स' मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला, आणि त्यातली 88 टक्क्यांच्या आसपास निकृष्ट निघाली. तेव्हा एकट्या शिक्षकाला चोर म्हणताना आमची जीभ थोडी अडखळते. थोडीच. कारण त्याच काळात न चोरता गप्प राहिलेले, बढती न घेतलेले शिक्षकही आम्ही पाहिलेत.

आता ज्याच्यासाठी खरे तर हे व्याख्यान स्वीकारले ते सांगतो. कॉलेजचे नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या संशोधन केंद्रातले प्रकरण संस्थेच्या समितीपुढे आले. आम्ही बाहेरचे सदस्य. एका विद्यार्थिनीचा पीएचडीचा प्रबंध, विषय तबेल्यांत काम करणाऱ्या कुटुंबांचे अर्थकारण. साम्य 31 टक्के. त्यातले 22 टक्के एकाच प्रकाशित लेखाशी. विभागाच्या समितीची शिफारस तक्त्याप्रमाणे: सुधारून सहा महिन्यांत द्यावा. कागद व्यवस्थित, सह्या व्यवस्थित. मुलीला दहा मिनिटे आत बोलावले. ती एवढेच म्हणाली, "सर, ते माझंच आहे." असे सगळेच म्हणतात, असे आम्हाला वाटले. बैठक संपली, शिफारस जवळजवळ मान्य झाली, फक्त सही पुढच्या बैठकीत.

पुढच्या बैठकीला ती एक पिशवी घेऊन आली. त्यात सात वह्या, एक पावसात भिजून फुगलेली. प्रत्येक मुलाखतीची तारीख, तबेल्याचा पत्ता, महिन्याचा खर्च. आणि एका ईमेलची प्रत: तो प्रकरण-मसुदा तिने मार्गदर्शकांना पाठवला होता, तो लेख छापून येण्याच्या अकरा महिने आधी. लेख कोणाचा होता? मार्गदर्शकांचा. एकट्यांच्या नावावर. आणि मार्गदर्शक हेच विभागप्रमुख, म्हणजे विभागाच्या चौकशी समितीचे अध्यक्ष.

तुम्ही म्हणाल, नियम नाही का? नियम आहे. समितीच्या सदस्यावर आरोप असेल, तर त्याने बैठकीतून बाजूला व्हावे. पण आरोप विद्यार्थिनीवर होता. अक्षर पाहिले तर सर नियमात बसत होते. त्या समितीतल्या दुसऱ्या दोघांनी विचारले नाही, आमच्या समितीतल्या चौघांनीही पहिल्या दिवशी विचारले नाही, की बाबा, हे 22 टक्के ज्याच्याशी जुळतात तो लेख लिहिला कोणी?

सॉफ्टवेअर साम्य दाखवते, दिशा दाखवत नाही. कोणी कोणाचे घेतले हे त्याला कळत नाही, ज्याचे आधी छापले तो त्याच्या लेखी मालक. दिशा शोधायची रीत मात्र जुनी आहे. पुण्याला भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताच्या हस्तलिखितांच्या वंशावळी लावल्या. एकमेकींशी जुळणारे पाठ पाहून कोणत्या पोथ्या एका घराण्यातल्या, ते ठरत गेले. अशा कामात बरोबर मजकुरापेक्षा चूक जास्त बोलते, हे पाठचिकित्सेतले जुने शहाणपण. दोघांच्या हातून एकच चूक आपापली होणे अवघड. इथेही तेच झाले. मुलीच्या वहीत एका कोष्टकाची बेरीज चुकलेली होती, 17 आणि 26 मिळून 41. पेन्सिलने, घाईत. सरांच्या छापील लेखात तेच कोष्टक होते, आणि बेरीज 41.

मुलीवरचा ठपका काढला. तिला दुसरे मार्गदर्शक मिळाले, पदवीही मिळाली, पण दोन वर्षे गेली. सरांचे काय? आम्ही म्हटले, आता यांची चौकशी करा. उत्तर आले, "मॅडमची तक्रार कुठे आहे?" मुलगी तक्रार करायला तयार नव्हती, तिला नोकरी शोधायची होती. विनियमांत संस्थेला आपणहून दखल घेण्याचा अधिकार आहे, आम्ही तो वाचून दाखवला. सगळ्यांनी मान डोलावली. आम्ही एक पानाची असहमती लिहून फाइलला लावली. सर यथावकाश निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झाले. ते पान त्या फाइलमध्ये असेल अजून.

नंतर प्रश्नोत्तरे झाली. एका शिक्षिकेने विचारले, विद्यार्थ्यांना काय सांगावे? आम्ही सांगितले, वही ठेवा आणि तारीख घाला. लॅपटॉपवर लिहीत असाल तर प्रत्येक मसुदा स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. मार्गदर्शकांना प्रकरण हातात देऊ नका, मेलने द्या. आणि चूक सापडली तर खोडरबर वापरू नका, काट मारा, बाजूला दुरुस्ती लिहा. त्या मुलीने 41 खोडले असते तर आमच्याकडे काही उरले नसते.

मागच्या रांगेतून एका मुलाने विचारले, "सर, पहिल्या बैठकीत तुम्ही का नाही विचारलं, तो लेख कोणाचा म्हणून?"

अहवालाच्या तिसऱ्या पानावर लेखकाचे नाव छापलेले होते. आम्ही पहिल्या पानावरचा आकडा वाचला होता. चहा आला, कोणीतरी म्हणाले स्ट्रेटफॉरवर्ड केस आहे, आणि आम्हाला साडेपाचची विरार लोकल पकडायची होती.